न्यूयॉर्कमधले बांधकाम अपघात आणि बचाव पक्षाची वकिली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘डिफेन्स अटर्नी’ म्हणजे आरोपीचा वकील ना?

इथे नाही. आपल्याकडे ‘बचाव पक्षाचा वकील’ म्हटलं की फौजदारी कोर्ट डोळ्यांसमोर येतं. या कामात आरोपी, जामीन, शिक्षा यातलं काहीच नसतं. जखमी कामगार नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावतो. इमारतीचा मालक, मुख्य कंत्राटदार, कधी परांची उभारणारा किंवा विजेचं काम करणारा उपकंत्राटदार हे प्रतिवादी होतात. त्यांची बाजू मांडतो तो डिफेन्स अटर्नी. त्याची फी बहुतेक वेळा प्रतिवादीची विमा कंपनी भरते.

खालची सगळी उत्तरं न्यूयॉर्क राज्यापुरती आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि परांचीच्या अपघातांबाबत न्यूयॉर्कइतका कडक कायदा दुसरीकडे सापडत नाही.

कामगार आपल्याला नोकरी देणाऱ्यावरच दावा का लावत नाही?

कारण कायदा तशी वाटच ठेवत नाही. वर्कर्स कॉम्पेन्सेशन कायद्याप्रमाणे चूक कोणाचीही असली तरी कामगाराला औषधोपचार आणि पगाराचा काही भाग मिळतो. त्या बदल्यात, त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, तो नोकरी देणाऱ्यावर दिवाणी दावा लावू शकत नाही. म्हणून त्याचा वकील वरच्या पायरीवर जातो, म्हणजे जागेचा मालक आणि मुख्य कंत्राटदार यांच्यावर. ते पुढे कामगाराच्या कंपनीला थर्ड पार्टी (तिसरा पक्ष) म्हणून दाव्यात ओढतात. त्यामुळे एका अपघातात पाच-सहा वकील, तितक्याच विमा कंपन्या आणि दोन-तीन जोडदावे असणं हे या कामातलं रोजचं चित्र आहे.

लेबर लॉच्या कलम २४०, २४१(६) आणि २०० यांत नेमका फरक काय?

दाव्यात ही तिन्ही कलमं जवळजवळ नेहमी एकत्र येतात. नवा वकील पहिली चूक इथेच करतो. तिन्हींना तो एकच बचाव लावतो.

लेबर लॉ २४०(१) हा उंचीशी निगडित धोक्यांचा कायदा. त्याचं मूळ १८८५ सालचं आहे आणि बोलताना त्याला ‘स्कॅफोल्ड लॉ’ म्हणतात. बांधणं, पाडणं, दुरुस्ती, बदल, रंगकाम, साफसफाई, विटांमधल्या फटी भरणं अशा कामांत परांची, शिडी, दोर, कप्पी, टेकू ही साधनं योग्य रीतीने पुरवण्याची जबाबदारी मालक आणि कंत्राटदार यांच्यावर आहे. ती दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मालकाने साइटवर पाऊलही टाकलं नसलं तरी तो जबाबदार ठरतो. आणि ज्यावर सगळा खेळ फिरतो ती गोष्ट ही, की कामगाराचा अंशतः दोष असला तरी भरपाई एका डॉलरनेही कमी होत नाही.

माणूस पडला किंवा त्याच्यावर वस्तू पडली तरच हे कलम लागतं, असंही नाही. २००९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, एका प्रकरणात कामगाराच्या बाजूने कौल दिला. सुमारे ८०० पौंडांची तारेची रीळ थोड्याशा पायऱ्यांवरून उतरवताना दोर धरणाऱ्याचे हात लोखंडी दांड्यावर ओढले गेले होते. तो पडला नव्हता आणि त्याच्यावरही काही पडलं नव्हतं. पायऱ्या कमी असल्या तरी वजन मोठं होतं, आणि वजन खाली जाताना जो जोर तयार झाला त्यानेच इजा झाली. म्हणून ‘उंची तर चारच फूट होती’ हा बचाव मांडण्याआधी वस्तूचं वजन विचारा.

२४१(६) बांधकाम, खोदकाम आणि पाडकामाला लागतं. इथे कामगाराला राज्याच्या इंडस्ट्रियल कोडमधल्या भाग २३ मधला एखादा ठोस नियम मोडल्याचं दाखवावं लागतं. ‘जागा सुरक्षित ठेवा’ अशा मोघम नियमावर दावा टिकत नाही. २३-१.७(ड) घसरण्याबद्दल, २३-१.७(ई) अडखळण्याबद्दल आणि २३-१.२१ शिड्यांबद्दल आहे. हे नियम तोंडपाठ असावेत. ओशाचे (कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची संघीय संस्था) नियम मोडले, एवढ्यावर २४१(६) उभं राहत नाही. या कलमात मात्र कामगाराच्या दोषाचं प्रमाण वजा होतं.

२०० म्हणजे साध्या निष्काळजीपणाचाच लिखित अवतार. आधी एकच प्रश्न विचारायचा: अपघात जागेच्या दोषामुळे झाला की कामाच्या पद्धतीमुळे? जागेचा दोष असेल तर तो तुमच्या अशिलाने निर्माण केला का, किंवा त्याला तो माहीत होता का, हे बघतात. कामाची पद्धत असेल तर त्या कामावर देखरेख करण्याचा अधिकार अशिलाकडे होता का, ते बघतात. साइटवर फेरी मारणं आणि सर्वसाधारण सुरक्षेवर नजर ठेवणं म्हणजे देखरेख नव्हे.

चूक कामगाराचीच होती. मग २४०(१) मध्ये बचाव काय राहतो?

बचाव आहे, पण फार अरुंद. अपघाताचं एकमेव कारण कामगाराचं स्वतःचं वागणं होतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. योग्य साधन साइटवर उपलब्ध होतं. ते उपलब्ध आहे आणि तेच वापरायचं आहे, हे कामगाराला माहीत होतं. सबळ कारण नसताना त्याने ते वापरलं नाही. आणि वापरलं असतं तर इजा झाली नसती.

२००६ च्या एका निकालात कामगाराला आठ फुटी शिडी लागणार होती. ती साइटवर कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी तो सहा फुटी शिडीच्या टोकाशी उभा राहिला. बचाव टिकला. २०१० मध्ये मालकाने सुरक्षेचे पट्टे साइटवर होते असं सांगितलं, पण ते कुठे आहेत आणि वापरायचे आहेत हे त्या कामगाराला माहीत होतं याचा पुरावा नव्हता. बचाव कोसळला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, म्हणजे पुरावा नेमका कशाचा हवा ते समजेल. ‘हार्नेस ट्रेलरमध्ये होते’ एवढं वाक्य पुरत नाही. किती होते, ट्रेलर कुठे होता, कुलूप होतं का, त्या दिवशी सकाळच्या बैठकीत कोणी काय सांगितलं, हजेरीच्या कागदावर त्याची सही आहे का आणि ती बैठक त्याला समजणाऱ्या भाषेत झाली का, हे सगळं लागतं. शिवाय पट्टा अडकवायला डोक्यावर पक्का बिंदू होता का? तो नसेल तर पट्टा दिला काय आणि न दिला काय, न्यायालयाच्या लेखी सारखंच.

आमचं स्पष्ट मत असं आहे की जखमी माणसाला बेफिकीर ठरवण्याच्या मागे लागलेला बचाव बहुतेक वेळा हरतो, आणि हरायलाही हवा. कायदा त्यासाठीच केलेला आहे. वकिलाचं खरं कौशल्य दोन ठिकाणी दिसतं: घटना नेमकी कशी घडली हे शोधण्यात, आणि भरपाईचा भार कोणाच्या पॉलिसीवर जातो हे ठरवण्यात.

अपघाताचा फोन आला. पहिल्या काही दिवसांत काय करायचं?

हे दिवस पुन्हा मिळत नाहीत. साइट रोज बदलते. ज्या भोकातून माणूस पडला ते पुढच्या आठवड्यात काँक्रीटखाली जातं.

प्रथम, ज्या कंपनीचा कामगार आहे तिने ओशाला कळवलं का ते विचारा. मृत्यू झाला असेल तर ८ तासांत कळवावं लागतं. रुग्णालयात दाखल होणं, अवयव तुटणं किंवा डोळा जाणं असेल तर २४ तासांत.

शिडी, फळी, दोर, पट्टा, जे काही अपघातात होतं ते जप्त करून कुलपात ठेवायला सांगा. त्यावर तारीख आणि ठेवणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी बांधा. मुकादम नेमकं उलटं करतो. ‘खराब’ शिडी कचऱ्यात टाकतो, किंवा चांगली असेल तर दुसऱ्या दिवशी वापरायला काढतो. पुढे पुरावा नष्ट केल्याचा ठपका येतो आणि न्यायाधीश ज्युरीला सांगू शकतात की, गहाळ वस्तू प्रतिवादीच्या विरोधात बोलली असती असं समजायला हरकत नाही. सीसीटीव्हीचंही तसंच. बऱ्याच यंत्रणा जुनं चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसतात, म्हणून जपून ठेवण्याची लेखी सूचना त्याच दिवशी जायला हवी.

फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत ठेवा. उंची जमिनीपासून पायापर्यंत मोजा आणि वस्तू पडली असेल तर तिचं वजनही करा. शिडीची लेबलं, रबरी पाय, बिजागरीचं कुलूप, खालची फरशी, उजेड यांचे वेगवेगळे फोटो हवेत.

कागद असे मागवा: त्या दिवसाचा सुपरिंटेंडंटचा (साइटच्या प्रमुखाचा) अहवाल, हजेरी, सुरक्षा बैठकांच्या सह्या, परांचीच्या रोजच्या तपासणीची नोंद, अपघात अहवालाच्या सगळ्या आवृत्त्या, फोनवरचे मेसेज, आणि प्रत्येक करार त्याच्या परिशिष्टांसकट. ‘सगळ्या आवृत्त्या’ यावर भर आहे. पहिल्या अहवालात ‘पाय घसरला’ आणि दुसऱ्यात ‘शिडी हलली’ असं असेल, तर तो फरक दुसऱ्या पक्षाच्या वकिलाकडून कळण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवा.

साक्षीदारांची नावं आणि वैयक्तिक फोन नंबर लगेच घ्या. बांधकामावरची माणसं दोन महिन्यांत दुसऱ्या साइटवर गेलेली असतात.

उत्तर दाखल करायला किती वेळ असतो?

राज्यात प्रत्यक्ष हातात समन्स दिलं असेल तर २० दिवस. इतर मार्गांनी बजावणी झाली असेल तर ती पूर्ण झाल्यापासून ३० दिवस. कंपन्यांना समन्स बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्याच्या अधिकाऱ्यामार्फत जातं, म्हणजे तिथे नोंदलेल्या पत्त्यावर. कंपनीने ऑफिस बदललं आणि पत्ता बदलला नाही, की कागद जुन्या जागी पडून राहतात आणि एकतर्फी निकालाची वेळ येते. तो रद्द करून घेता येतो, पण त्यात महिने जातात.

संघीय न्यायालयात प्रकरण न्यायचं असेल तर नियम आणखी कडक आहेत. पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे हवेत आणि दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त हवी. न्यूयॉर्कमध्ये इजेच्या दाव्यात रक्कम लिहायचीच नसते. म्हणून उत्तरासोबत रक्कम विचारणारी मागणी पाठवा. वादीला तिचं उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. आकडा हाती आला की प्रकरण संघीय न्यायालयात न्यायचं ३० दिवसांचं घड्याळ सुरू होतं.

‘टेंडर’ म्हणजे काय? सगळे त्यावर एवढा जोर का देतात?

निविदेशी याचा संबंध नाही. ‘हा दावा तुम्ही सांभाळा, खर्च आणि भरपाई तुम्ही द्या’ असं दुसऱ्या कंपनीला आणि तिच्या विमा कंपनीला लिहिलेलं पत्र म्हणजे टेंडर. २४०(१) मध्ये मालक दोष नसताना जबाबदार ठरतो. म्हणून त्याच्या वकिलाचं अर्धं काम भार योग्य जागी पोचवण्याचं असतं.

दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिला रस्ता कराराचा. उपकंत्राटदाराने मालकाचं आणि मुख्य कंत्राटदाराचं नुकसान भरून देण्याचं वचन दिलेलं असतं. जनरल ऑब्लिगेशन्स लॉच्या ५-३२२.१ प्रमाणे कोणी स्वतःच्या निष्काळजीपणाचा भार दुसऱ्यावर टाकू शकत नाही. कराराच्या कलमात ‘कायद्याने परवानगी असेल तितक्या मर्यादेपर्यंत’ असे शब्द असले तर ते टिकतं. नसले आणि तुमच्या अशिलाचा थोडाही दोष निघाला तर ते कोसळण्याचा धोका आहे. करार अपघाताच्या आधीचा हवा. सही राहून गेली असेल तर सगळं संपलं असं नाही, कारण दोन्ही बाजू त्या कराराप्रमाणे वागत होत्या हे दाखवता येतं.

दुसरा रस्ता पॉलिसीचा. अशील उपकंत्राटदाराच्या पॉलिसीत ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’, म्हणजे जादा विमाधारक, आहे का ते बघायचं. इथे सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्सवर (विमा असल्याच्या दाखल्यावर) विसंबलेले लोक फसतात. तो एक पानाचा कागद माहिती देतो, संरक्षण देत नाही. पॉलिसी आणि तिची एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली पुरवणी) मागवा. शब्द ‘पूर्णतः किंवा अंशतः कारणीभूत’ असे असतील तर २०१७ च्या निकालानुसार त्या उपकंत्राटदाराच्या कृतीमुळे अपघात झाला हे दाखवावं लागतं. तो फक्त साइटवर होता एवढं चालत नाही.

कराराचं वचनच नसेल आणि कामगाराच्या कंपनीकडून वाटा वसूल करायचा असेल, तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन कायद्याच्या कलम ११ मधली ‘गंभीर इजा’ हवी. ती यादी बंद आहे: मृत्यू, हात किंवा पाय पूर्णपणे निकामी होणं, एकाहून जास्त बोटं जाणं, तर्जनी जाणं, पूर्ण अंधत्व, चेहऱ्याची कायमची तीव्र विद्रूपता, मेंदूच्या इजेने कायमचं पूर्ण अपंगत्व वगैरे. मणक्याच्या तीन शस्त्रक्रिया झालेला माणूस या यादीत बसत नाही. नवख्यांना हे पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

टेंडर पहिल्याच महिन्यात पाठवा आणि नकार आला तरी नवी माहिती जोडून पुन्हा पाठवा.

फी विमा कंपनी देते. मग अशील कोण?

विमा उतरवलेली व्यक्ती किंवा कंपनी. निष्ठा तिच्याशी. कव्हरेजबद्दल, म्हणजे पॉलिसीचं संरक्षण लागू होतं का याबद्दल, विमा कंपनीचा आणि अशिलाचा हितसंबंध आपसात भिडत असेल, तर अशिलाला स्वतःच्या पसंतीचा वकील विमा कंपनीच्या खर्चाने मिळू शकतो, आणि हे त्याला सांगायलाच हवं. कव्हरेज नाकारायला उपयोगी पडेल अशी माहिती अशिलाकडून काढून अहवालात घालणं हा विश्वासघात आहे. मालक आणि मुख्य कंत्राटदार दोघांचं वकीलपत्र एकत्र घेण्याआधीही, पुढे ते एकमेकांवर बोट दाखवणार आहेत का हे तपासा.

कामगाराच्या डिपॉझिशनमध्ये काय विचारायचं?

डिपॉझिशन म्हणजे खटल्याआधी शपथेवर घेतलेली साक्ष. एका साक्षीला सात तासांची मर्यादा आहे. दुभाषी असेल तर त्यातला बराच वेळ भाषांतरात जातो, म्हणून अपघाताचे प्रश्न दुपारवर ढकलू नका.

सगळ्यात मोलाचा प्रश्न क्रमाचा: आधी शिडी हलली की आधी पाय निसटला? शिडी विनाकारण हलली, सरकली किंवा कोसळली तर २४०(१) जवळजवळ सिद्ध होतं. शिडी जागेवर स्थिर राहिली आणि माणूस तोल जाऊन पडला तर तसं आपोआप होत नाही. मग बाकीचे तपशील घ्या: कितव्या पायरीवर, तोंड कुठे, हातात काय, शिडी उघडून कुलूप लावलं होतं का, शिडी कोणी दिली, मोठी हवी असती तर कोणाला विचारलं असतं. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण वर सांगितलेल्या चारपैकी दोन गोष्टी त्याच्याच उत्तरातून निघतात.

आदराने विचारा. समोर बसलेला माणूस वेदनेत आहे, आणि त्याचा अपमान करून कुठलीही माहिती मिळत नाही.

आणि आपल्या साक्षीदाराची तयारी?

सुपरिंटेंडंट मोठेपणाने बोलून जातो, ‘माझ्या साइटवर माझ्या परवानगीशिवाय खिळाही ठोकत नाहीत.’ या एका वाक्याने कलम २०० जिवंत होतं आणि कराराचा भरपाईचा हक्कही धोक्यात येतो. त्याला उत्तरं शिकवायची नाहीत. प्रत्यक्षात तो काय करायचा ते बारकाईने आठवायला लावायचं: काम थांबवण्याचा अधिकार होता का, साधनं कोण द्यायचं, सूचना कोण द्यायचं. बहुतेक वेळा खरं उत्तर फुशारकीपेक्षा सौम्य असतं.

वैद्यकीय बाजू कशी हाताळायची?

जुन्या नोंदी मागवा: आधीचे अपघात, आधीचे एमआरआय, वर्कर्स कॉम्पेन्सेशनची पूर्ण फाइल. पहिल्या दिवशीच्या रुग्णवाहिकेच्या आणि आपत्कालीन विभागाच्या कागदात अपघाताचं वर्णन बहुधा सापडतं, तेही वकील येण्याआधीचं. आपल्या डॉक्टरकडून तपासणी करून घेण्याचा हक्क आहे, पण शस्त्रक्रियेच्या आधी तपासणी झाली तर ती कितीतरी जास्त उपयोगी ठरते. कामगाराचं गुप्त चित्रण केलं असेल तर मागणी आल्यावर ते पूर्ण द्यावं लागतं, निवडक तुकडे चालत नाहीत.

समरी जजमेंट (पूर्ण खटला न चालवता निकाल) कधी मागायचं?

प्रकरण सुनावणीसाठी तयार असल्याची नोंद, म्हणजे नोट ऑफ इश्यू, झाल्यापासून १२० दिवसांत. न्यायाधीश याहून कमी मुदत देऊ शकतात, म्हणून त्यांचे स्वतःचे नियम आधी वाचा. एक दिवस उशीर आणि सबळ कारण नाही, तर अर्ज कितीही भक्कम असला तरी वाचला जात नाही.

जबाबदारी वादीच्या बाजूने ठरली की त्या तारखेपासून वर्षाला ९ टक्के व्याज सुरू होतं. पुढे १० लाख डॉलरचा निकाल लागला तर वर्षाचे ९०,००० डॉलर. हा आकडा विमा कंपनीला त्याच आठवड्यात लिहून कळवा.

अशील साधा घरमालक आहे. त्यालाही हे लागू होतं?

एक किंवा दोन कुटुंबांचं घर असेल आणि मालकाने काम कसं करायचं हे सांगितलं किंवा ताब्यात ठेवलं नसेल, तर २४० आणि २४१ मधून तो सुटतो. फरशीचा रंग निवडणं म्हणजे ताबा नव्हे. घर निव्वळ धंद्यासाठी असेल तर ही सूट मिळत नाही.

कामगाराकडे कायदेशीर कागदपत्रं नसतील तर दावा पडतो का?

नाही. २००६ पासून कायदा स्पष्ट आहे: बुडालेल्या पगाराची भरपाईसुद्धा त्याला मागता येते. बचावात हा मुद्दा हत्यारासारखा वापरू नये.

तडजोड झाल्यावर काय राहतं?

बरंच. वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या विमा कंपनीने दिलेल्या रकमेवर तिचा हक्क असतो आणि तडजोडीला तिची संमती लागते. कामगार मेडिकेअरवर (सरकारी आरोग्य विमा) असेल तर तिचीही बाकी बघावी लागते. वादीकडून योग्य रिलीज (दाव्याचा हक्क सोडल्याचा कागद) आणि दावा संपवल्याचा कागद मिळाल्यापासून २१ दिवसांत पैसे गेले नाहीत, तर वादी व्याजासह हुकूमनामा नोंदवून घेऊ शकतो. म्हणून चेक कोणाच्या नावे आणि किती चेक, हे रिलीज येण्याआधीच ठरवा. दोन-तीन विमा कंपन्या पैसे देत असतील तर प्रत्येकीला तारीख लेखी द्या. शेवटचा चेक उशिरा येतो तो नेमका सगळ्यात छोट्या वाट्याचा.

रोजचं काम कसं असतं?

वेळ सहा मिनिटांच्या एककात लिहायचा, म्हणजे तासाचा दहावा भाग. ‘कागद वाचले, पत्र लिहिलं, फोन केला, १.८’ अशी एकत्र नोंद विमा कंपनी कापते. प्रत्येक काम वेगळं लिहा आणि त्याच दिवशी लिहा. ठरलेल्या टप्प्यांवर अहवाल जातो: जबाबदारीचा अंदाज, भरपाईचा अंदाज, टेंडरची स्थिती, पुढचं पाऊल आणि त्याचा खर्च. वाईट बातमी लवकर कळवा. कंपनीला राखीव रक्कम वेळेत वाढवायची असते, आणि खटल्याच्या तोंडावर एकदम तिप्पट झालेला अंदाज पाहून ती त्या वकिलाकडे पुढचं प्रकरण देत नाही.